मला ऐकू आलं नव्हतं

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. अगदी आता-आतापर्यंत नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता सांगतोय, तर नीट सांगू दे. मध्येच थांबलो तर समजून घ्या — सवय नाही.

मी वायरलेसचा माणूस. म्हणजे तेच माझं शिक्षण, तीच नोकरी. पुण्याजवळच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढली आणि मग बायकोची चेन्नईला बदली झाली म्हणून मीही आलो. मैलापूरला एका संस्थेत काम मिळालं. घरात मारहाण होणाऱ्या बायकांना बाहेर काढायचं आणि सुरक्षित जागी पोहोचवायचं, हे त्या संस्थेचं काम. दोन व्हॅन होत्या. ऑफिस मैलापूरला, आणि बायकांना ठेवायचं घर चेन्नईबाहेर किनाऱ्यावरच्या कोवलमच्या बाजूला — नेमकं कुठे ते बाहेर कुणाला ठाऊक नसायचं. संस्थेच्या प्रमुख एक निवृत्त डॉक्टरीणबाई. सगळे त्यांना डॉक्टर मॅडम म्हणत.

आणि तिथे जानकीबाई होत्या.

जानकीबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात अजून मराठी बोलतात — जुनी, तमिळ सुराची, आपल्याला जरा अनोळखी वाटणारी. व्हॅन कुठे पाठवायची, कुणाला कधी बाहेर काढायचं, हे सगळं त्या बघत. मी रुजू झालो त्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्या जवळजवळ धावतच माझ्या टेबलापाशी आल्या. चेहरा असा फुललेला! ऑफिसात मराठी बोलायला त्यांना कधी कुणी मिळालंच नव्हतं. भराभर बोलत सुटल्या. मला त्यातलं किती कळलं? अर्धंही नाही.

इथे मला थांबायला हवं. कारण तुम्हाला वाटेल, त्यांची मराठी जुनी म्हणून कळलं नसेल. मीही सगळ्यांना तेच भासवलं. खरं कारण वेगळं होतं. माझे कान गेले होते. पूर्ण नाही — आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. स, श, च, त, ट असली अक्षरं गळूनच जायची आणि नुसता घुमणारा सूर उरायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, हे वाढत जाईल, यंत्र लावा. मी लावलं नाही. वायरलेसचा इंजिनिअर, आणि कानाला यंत्र? कोण नोकरी देईल?

चेन्नईत आलो आणि मला सुटल्यासारखं झालं. का, सांगू? इथे मला काही कळलं नाही तर लोक समजायचे, ह्याला तमिळ येत नाही. मग हळू बोलायचे, दोनदा सांगायचे, हातवारे करायचे. माझा बहिरेपणा तमिळच्या मागे बेमालूम लपून गेला. फक्त एकच माणूस होतं ज्याच्यापुढे ही सबब चालणार नव्हती. माझ्याशी मराठीत बोलणारं.

म्हणून मी काय केलं? सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना कळावं म्हणून मोडक्या तमिळमध्ये, हसत म्हणालो, "बाई, तुम्ही बोलता ती मराठी नाही हो. आमच्याकडे ह्याला कुणी मराठी म्हणणार नाही. आपण तमिळच बोलू या."

आसपासचे हसले. जानकीबाईही हसल्या, पण मान खाली घालून. त्यानंतर त्यांनी माझ्याशी मराठीत एक शब्द काढला नाही.

पण माझी कबुली इथे संपत नाही. संपली असती तर बरं होतं.

तेव्हा संस्थेचे वायरलेस साधे होते. मोबाईल नुकते कुठे हाताहातांत येत होते, किनाऱ्याच्या रस्त्यावर रेंज मिळेलच असं नव्हतं, म्हणून व्हॅनशी सगळं बोलणं वायरलेसवर. साध्या सेटवरचं बोलणं तसा सेट असलेला कुणीही ऐकू शकतो. आणि एकदा कुणीतरी ऐकलं. एका बाईला घ्यायला व्हॅन पोहोचली, तर तिथे तिचा नवरा आधीच येऊन उभा होता. त्याचा कुणी सोयरा टॅक्सी कंपनीच्या वायरलेसवर बसायचा, असं मागाहून कळलं. सुदैवानं त्या बाईनं लांबूनच त्याला पाहिलं आणि ती मागे फिरली. डॉक्टर मॅडमनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं. "आपलं बोलणं बाहेरच्याला कळता कामा नये. कुठला सेट घ्यायचा ते तुम्ही ठरवा. मला यातलं काही समजत नाही, मी तुमच्यावर सोडते."

माझ्यावर सोडलं! म्हणजे माझ्या कानांवर.

दोन प्रकारचे सेट चाचणीला मागवले. दोन्ही गुप्त — बाहेरच्यानं कान लावला तर नुसती खरखर. त्या बाबतीत दोन्हींत डावं-उजवं नव्हतं. फरक होता तो आपल्या माणसाला आवाज कसा पोहोचतो यात. जानकीबाई व्हॅन घेऊन कोवलमला गेल्या आणि तिथून गल्ल्यांची, बसथांब्यांची, देवळांची नावं वाचू लागल्या. मी मैलापूरच्या गच्चीवर. शेजारी आमचा ऑपरेटर कुमार. पहिल्या सेटवरचा आवाज बारीक होता. कुमार म्हणाला, "क्लिअर आहे सार, सगळं कळतंय." मला काय ऐकू आलं? नळातून पाणी यावं तसं काहीतरी. दुसऱ्या सेटवरचा आवाज जाड, घुमणारा. कुमार तोंड वाकडं करून म्हणाला, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय. पण मला — मला निदान कुणी बोलतंय एवढं तरी कळत होतं.

मी दुसरा निवडला.

त्यासाठी कारणं लागतात. ती मी तयार केली. बॅटरी जास्त टिकते, बांधणी दणकट आहे, समुद्राच्या हवेला चांगला. सगळी खरी होती, बरं का. फक्त त्यांच्यासाठी मी तो निवडला नव्हता. जानकीबाई परतल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्या सेटवर तुमचे शब्द एकमेकांना चिकटून येत होते. मला पहिला बरा वाटला." मी डॉक्टर मॅडमच्या समोर म्हणालो, "सवय होईल. सेट ठीक आहे, बोलणाऱ्यांनी जरा सावकाश बोलायला शिकलं पाहिजे." मॅडमनी मान हलवली. सेट आले.

सवय झालीही, थोडीफार. बाकीच्यांना. लोक ओरडून बोलायचे, नावं फोड करून सांगायचे, निभायचं. मी स्वतः वायरलेसवर बसायचं शिताफीनं टाळायचो. कुमार असायचा.

मग ती दुपार आली. कुमार जेवायला बाहेर गेला होता आणि सेट खरखरला. खोलीत मी एकटाच.

जानकीबाई बोलत होत्या. पेरुंगुडीकडे मलर नावाची एक तरुण बाई होती, तिला लहान मुलगी. आदल्या आठवड्यापासून तिला बाहेर काढायचं चाललं होतं. जानकीबाई तिच्या मुलीच्या शाळेतल्या टीचरला भेटून आल्या होत्या. निरोप असा होता की मलर मुलीला घेऊन आत्ता निघते आहे, पिठाच्या गिरणीपाशी उभी राहील, दुसरी व्हॅन लगेच पाठवा. त्यांची स्वतःची व्हॅन दुसऱ्या एका बाईला घेऊन कोवलमच्या वाटेवर होती. आणि गल्ली? तमिळमध्ये सातवीला एळावदु म्हणतात, आठवीला एट्टावदु. मला ऐकू आलं ते फक्त ए — आणि मग वदु. मधलं काहीच नाही.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा ए... वदु. आणखी एकदा विचारायचं माझं धाडस झालं नाही. काय म्हणतील? सेट तर मीच निवडलेला! "ओके" म्हणालो, आणि दुसऱ्या व्हॅनला सांगितलं — आठवी गल्ली.

अंदाज. एका बाईचा आणि तिच्या लेकराचा जीव, आणि मी अंदाज केला.

आठव्या गल्लीत ना गिरणी ना मलर. ड्रायव्हरनं शोधलं, विचारपूस केली, परत सेटवर बोलला. तोवर कुमार आला होता, त्यानं जानकीबाईंना गाठलं, त्या ओरडल्या — सातवी, सातवी! व्हॅन वळली. सातव्या गल्लीत पोहोचली तेव्हा गिरणीवाला म्हणाला, बाई होती की, मुलगी होती, पण एक माणूस स्कूटरवर आला आणि घेऊन गेला. तो मलरचा दीर होता.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच विचारलं, "काय झालं?"

मला सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं ते — मला ऐकू येत नाही. मी काय म्हणालो? "जानकीबाई आठवी म्हणाल्या, मॅडम. मी दोनदा विचारून घेतलं."

जानकीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडकतील. त्या भडकल्या नाहीत. त्या आठवू लागल्या! कपाळाला हात लावून, डोळे मिटून. "मी सातवीच म्हटलं... म्हटलं ना? व्हॅनमध्ये ती दुसरी बाई रडत होती, माझं लक्ष तिच्याकडे..." आणि मग अगदी हळू, "कदाचित चुकले असेन." हे शब्द मला ऐकू आले नाहीत. ओठांवरून वाचले. ते मी तेव्हा फार चांगलं करायचो.

आपण खोटं बोलावं आणि समोरच्या माणसानं ते स्वतःच खरं मानून घ्यावं — कसं वाटतं माहीत आहे? मला सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज नंतर आली. आधी ते.

जानकीबाईंनी पुढच्या आठवड्यात व्हॅनचं काम सोडून दिलं. म्हणाल्या, माझ्यावर आता माझाच भरवसा नाही. ऑफिसात आतल्या खोलीत बसून बायकांशी बोलायचं काम घेतलं. मलर दीड-दोन महिन्यांनी सुटली, त्याच टीचरनं धीर करून तिला सोडवलं. कोवलमला आली तेव्हा तिचा हात मोडून वाकडा जुळलेला होता. त्या घरात दिव्याच्या तारा दुरुस्त करायला मी गेलो की ती माझ्यासाठी चहा आणायची. डाव्या हातानं.

यानंतर मी तिथे फार टिकलो नाही. दुसरी नोकरी धरली, पेरुंगुडीतच, जिथे कानांचं काम नव्हतं. वर्षं गेली. शेवटी माझ्या मुलीनं हट्टानं कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि यंत्र बसलं. पहिल्या दिवशी घरी येताना रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता आणि मला त्याचा शब्दन् शब्द कळत होता. कंडक्टरच्या शिट्ट्या, फुलवालीची हाक, सगळं अक्षरांसकट. माझं तमिळ, लक्षात आलं, इतकं काही वाईट नव्हतं. रिक्षात मी रडलो. आणि तिथेच ठरवलं.

जानकीबाई आता घरीच असतात, मैलापूरला, देवळाच्या तळ्याच्या मागच्या रस्त्यावर. मी गेलो. त्यांनी ओळखलं, कॉफी केली, तब्येत विचारली — सगळं तमिळमध्ये. मी मराठीत सांगितलं. कान, सेटची निवड, ए आणि वदु, आणि मॅडमसमोर मी जे बोललो ते. काहीही वगळलं नाही.

त्यांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचे कान गेलेत हे मला ठाऊक होतं. बोलताना तुम्ही माझ्या डोळ्यांत कधी बघतच नव्हता, सारखं तोंडाकडे. म्हटलं, लाजत असतील, कशाला बोलायचं. पण दोनदा विचारून घेतलं म्हणालात, म्हणून मला वाटलं, मीच चुकले असेन. आणि हे..." त्या पुढे झुकल्या. "म्हणजे मी सातवीच म्हटलं होतं?"

"सातवीच."

"आणि मी इतकी वर्षं रोज पूजेला बसले की तेच शब्द मनात म्हणून बघते — एळावदु, एट्टावदु. जीभ कुठे घसरली ते शोधते."

मला वाटलं, आता हाकलतील. हाकलायलाच हवं होतं. पण त्या उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या आणि चपला घालू लागल्या. "चला. मॅडमच्या घरी. फोन नको. माझ्यासमोर सांगा."

डॉक्टर मॅडम आता खूप थकल्या आहेत, खुर्चीतून फारशा उठत नाहीत. मी त्यांच्यासमोर उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. मॅडमनी जानकीबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी तेव्हा तुला आणखी एकदा विचारायला हवं होतं." जानकीबाई रडल्या, आणि रडता रडता हसू लागल्या, मोठ्यानं, पोरीसारख्या. असं हसताना मी त्यांना ऐकलं नव्हतं कधी.

दाराशी मी म्हणालो, मलरलाही भेटून सांगतो. जानकीबाईंनी मला तिथेच अडवलं. "नाही. तिला मी सांगेन. तिला तुमची भेट हवी असेल तर ती बोलावेल. तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून तिच्या दारात जायचं नाही." मी गेलो नाही. तिनं अजून बोलावलेलं नाही.

त्या रात्री बायकोला सांगितलं. आता तुम्हाला.

मला हलकं वाटतंय. खोटं कशाला बोलू — खूप हलकं वाटतंय, झोप लागते, जेवण जातं. ते माझ्या वाट्याला यायला हवं होतं का, मला माहीत नाही. जानकीबाईंनी माफ केलं की नाही, तेही माहीत नाही. मी विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही.