जुन्या ड्राइव्हचं दावं

लॅपटॉप हातात आला की आमचे दुरुस्तीवाले दादा आधी तो उलटा करत आणि पाठीवर बोटानं टिचक्या मारत, टरबूज पिकलं का पाहावं तसं. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "चालते. याच्यात जीव हाय." अमडापूरच्या बसस्टँडजवळच्या त्यांच्या दुकानात मी शाळेचे नि घरचे कितीतरी लॅपटॉप नेले. जीव नाही, असं त्यांनी एकाहीबद्दल म्हटल्याचं आठवत नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. नवं घ्या असं सांगणं दादांच्या जिवावर येई. एकाच्या बिघडलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी वेगवान ड्राइव्ह, काढायची आणि दुसऱ्याच्या म्हाताऱ्या लॅपटॉपमध्ये बसवायची, हा त्यांचा धंदा. काम थोडक्यातलं, पण वस्तू आपल्या हाती यायला आठवडा लागे. कारण जुन्या मालकाला बोलावून, आतलं त्याचं त्याला दिल्याशिवाय ते ड्राइव्ह पुसत नसत.

एकदा मी वैतागलो. शाळेचे निकाल भरायचे होते, माझा लॅपटॉप सुरू होईतो चहा पिऊन कप विसळून व्हायचा, आणि हे गृहस्थ ड्राइव्हच्या जुन्या मालकाची, कुण्या दुकानदाराची, वाट पाहत बसलेले. माणसानं वस्तू दिली, विषय संपला, असं मी जरा चढ्या आवाजातच सुनावलं. स्क्रू वाटीत टाकत ते शांतपणे म्हणाले, "सर, बैल इकला तरी दावं मालकच ठेवते ना? मंग हे काऊन पुसू मी?"

मी माझा लॅपटॉप तसाच उचलून घरी आणला. निकाल दुसऱ्या शिक्षकाच्या लॅपटॉपवर भरले आणि पुढे बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखलं, चिखलीला नेईपर्यंत सगळं संपलं. दुकान आवरायला मुलगा पुण्याहून आला. वडिलांच्या स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी त्यानं मला देऊ केली. पुसून टाका अन् वापरा, म्हणाला. मला गरज होतीच. त्यांचं पाहून पाहून थोडं शिकलो होतो. रविवारी मी जुनी हार्ड डिस्क काढली, ही बसवली, आणि माझा लॅपटॉप जन्मात पहिल्यांदा झटकन उठला.

पुसण्याआधी आत पाहिलं. 'दावी' नावाचा फोल्डर होता आणि त्यात माणसांची नावं, गावं, फोन नंबर. बोलावूनही जे आले नाहीत, त्यांचं सगळं त्यांनी स्वतःच्या ड्राइव्हवर सांभाळून ठेवलं होतं. बारशाचे फोटो, कुणाचं भाषण, विहिरीच्या कामाचे व्हिडिओ. ड्राइव्ह गच्च भरलेली, माझ्या कामाला जागाच नाही. आणि पुसावी, तर इतक्या लोकांचं सगळं कायमचं जाणार.

"मंग बसवली कायले?" बायको म्हणाली.

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. पण हात धजला नाही. एकेकाला फोन लावू लागलो. बऱ्याच जणांना आठवतच नव्हतं. एकानं तर मला फोनवरचा लबाड समजून खडसावलं.

बीबी गावची एक बाई मात्र दुसऱ्याच दिवशी आली. नवरा वारल्यावर तिनं त्याचा लॅपटॉप दादांना देऊन टाकला होता. त्यांनी बोलावलं तेव्हा, आता पाहवत नाही, राहू द्या तुमच्यापाशी, असं सांगून मोकळी झाली होती. मी तिचा फोल्डर उघडला. नवरा शेताच्या धुऱ्यावर उभा राहून लहान मुलीला हाक मारत होता, "चाल माय, जेवाले." तिनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मी सगळं पेनड्राइव्हवर घालून दिलं, तो तिनं पदराच्या टोकाला बांधला.

जाता जाता त्या दादांना भेटून जाईन म्हणाली. ते गेल्याचं मला सांगावं लागलं. ती पुन्हा खाली बसली.

"मंग त्यायचं कोनं ठेवलं, सर?"

मी ड्राइव्ह सगळी धुंडाळली होती. गावोगावची माणसं होती तिच्यात. दादांचा मात्र एक फोटो नव्हता, की आवाज नव्हता.

म्हणून मला आठवतं तेवढं लिहून ठेवलं.