एक्कावन्नावं स्तोत्र आणि चिमणी

मदतकक्षात सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. बायबल अभ्यासाचं ते सॉफ्टवेअर कुणाच्या कॉम्प्युटरवर अडलं, की फोन त्या खोलीत येई आणि बहुधा तिच्याच कानाला लागे. कुणाला अध्याय सापडत नसे, कुणी वचनावर क्लिक केलं की भलतंच पान उघडे. बाई काम चोख करी. बोलणं मात्र समन्स बजावल्यासारखं.

मग चिमणी आली. आवाज किलबिलता, म्हणून हे नाव. महिनाभरात लोक फोनवर म्हणायला लागले, "त्या चिमणीताई आहेत का?" बाईचा तिळपापड होई. तरी ते तिनं गिळलं. पण एके दिवशी मास्तरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, कितीतरी वर्षांचे तिचे हक्काचे. ते म्हणाले, "बाई, तुम्ही राहू द्या. चिमणीला द्या."

बाईनं फोन दिला, चिमणीनं तो स्पीकरवर टाकला, आणि बाई पलीकडच्या खुर्चीवरचा शब्दन्‌शब्द टिपत बसली.

मास्तरांची अडचण अशी होती: त्यांच्या पडद्यावर दोन भाषांतरं शेजारी शेजारी उघडत. रविवारी नुकत्याच वारलेल्या थोरल्या भावाच्या प्रार्थनासभेत एक्कावन्नावं स्तोत्र वाचायचं होतं. पण डावीकडे क्षमायाचना, तर उजवीकडे कुणा दुष्टाला झाडलेलं!

"काका, बंद करून परत सुरू करा बरं," चिमणी म्हणाली. केलं. तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

बाईला दुखणं पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. उजवीकडच्या जुन्या भाषांतरात स्तोत्रांचे आकडे एकानं मागे चालतात, तिथं हेच स्तोत्र पन्नासावं. दोन्हींचा मेळ घालणारी एक खूण सेटिंगमध्ये असते, ती सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनं पुसली होती. एका वाक्याचं काम. पण बाई मूग गिळून बसली. 'सोडव आता तुझ्या लाडक्या काकांची अडचण,' असं मनात म्हणत तिनं चहासुद्धा जरा चवीनं प्यायला.

तिसऱ्या दिवशी चिमणीचा आवाज रडवेला झाला होता. "काका, आता एकच उपाय. सगळं काढून टाकू आणि नव्यानं घालू."

"माझी टिपणं राहतील ना गं? त्यात भावाचीही आहेत. आम्ही दोघं मिळून वाचायचो."

चिमणी घुटमळली. "राहतील... बहुतेक."

बहुतेक! नाही राहणार, हे बाईला पक्कं ठाऊक होतं. तिनं हात लांब करून चिमणीच्या फोनवर 'म्यूट' दाबलं.

"काहीही काढायला सांगू नकोस. सेटिंगमध्ये जा म्हणावं, 'आकडे जुळवा'वर खूण करा."

चिमणीनं म्यूट काढून तसं सांगितलं. मिनिटभरात फोनमधून मास्तरांचा आवाज फुटला. "जमलं! शाब्बास पोरी!"

"मी नाही हो काका, मोठ्या बाईंनी सांगितलं."

"असं? नमस्कार सांग त्यांना," मास्तर म्हणाले आणि पुन्हा चिमणीशीच भावाच्या आठवणी काढत बसले. बाईच्या वाट्याला नुसता नमस्कार. तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की ती उठून जिन्यात जाऊन उभी राहिली.

चिमणी मागोमाग आली. "बाई, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

खोटं ओठावर आलं होतं. "पहिल्या दिवसापासून," बाई म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तू त्यांची लाडकी झालीस म्हणून. मला बघवत नव्हतं."

चिमणीचे डोळे भरले. ती आत गेली आणि आठवडाभर बाईशी बोलली नाही.

पुढे तीच पहिल्यांदा खुर्ची ओढून आली. "आकड्यांचं ते सगळं मला शिकवा. पुन्हा कुणाची टिपणं माझ्या हातून जायला नकोत." बाईनं शिकवलं, हातचं राखून नव्हे. मास्तर अजूनही चिमणीलाच मागतात. घंटा वाजली, की बाई अजूनही आधी तिच्याकडे बघते, आणि काळजात बारीकशी कळ येतेच.

"घे, तुझे काका," असं म्हणून ती फोन पुढे करते.