फार चांगला रिपोर्ट

वैद्यकाका माणसांचे वैद्य नव्हते. नदीवर चालणाऱ्या दोन प्रवासी बोटींच्या इंजिनांचे ते मेकॅनिक होते. पण दर दीडशे तासांनी ते इंजिनातलं वाटीभर तेल नळीने ओढून काढत, बाटलीत भरत आणि प्रयोगशाळेला पाठवत. म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना वैद्य म्हणत. कुणी मनगट पुढे करून विचारी, "वैद्यबुवा, आमचं तेल कधी बदलायचं?"

"तुझं तेल बरं आहे. डोकं बदलायला झालंय."

साहित्याची पदवी घेऊन मी तिथे तिकीट-कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. मी तेवीस वर्षांचा, ते सत्तावन्नचे. तरी आमची मैत्री जमली. रिपोर्ट माझ्या संगणकावर येत आणि ते मला वाचायला शिकवत. लोखंड वाढलं तर सिलिंडर झिजतोय. सिलिका वाढली तर धूळ आत जातेय. शिसं वाढलं तर बेअरिंगचा मऊ थर निघतोय, आणि तो निघाला की इंजिन कधीही जाम होऊ शकतं. "तेल खोटं बोलत नाही," ते म्हणत. "माणसासारखं त्याला कुणाची भीड नसते."

तरुणपणी ते दगडखाणीत डंपर दुरुस्त करायचे. तिथे तेल कॅलेंडर बघून बदलत. दर तीन महिन्यांनी, धूळ असो नसो. एकदा भरलेला डंपर उतारावर असताना इंजिन जाम झालं. स्टिअरिंग जड झालं. चालवणारा त्यांचा खोलीतला जोडीदार होता. पुढचं ते कधी सांगत नसत. एवढंच म्हणत, "तेल बदलायला चार दिवस बाकी होते." तेव्हापासून त्यांनी कॅलेंडरवर विश्वास ठेवला नाही.

बोटींवर आल्यावर त्यांनी आधी तेलच बदललं. नमुन्यात आम्ल लवकर वाढत होतं, म्हणून आम्ल जास्त काळ रोखणारं, थोडं महाग तेल मागवलं. मालक कुरकुरला. मग रिपोर्ट बघत बघत त्यांनी तेल बदलण्याची मुदत अडीचशे तासांवरून साडेतीनशेवर नेली, तिथून साडेचारशेवर. मालक गप्प झाला. या खेपेचा रिपोर्ट चांगला आला की सहाशे तास करायचे, असं ठरलं होतं.

तो रिपोर्ट दुपारी आला. बोट क्रमांक दोनचा. शेजारच्या खिडकीत काकू तिकिटं देत होत्या. काकू म्हणजे वैद्यकाकांची बायको. दोन नंबरची बोट चालवणारा त्यांचा सख्खा भाऊ. तो त्या वेळी पलीकडच्या काठावरून बेचाळीस माणसं घेऊन निघाला होता.

मी कागद छापून वैद्यकाकांच्या हातात दिला. "सगळं हिरवं आहे काका. पेढे कधी?"

ते हसले. चष्मा वर करून वाचू लागले. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे थांबले.

"मागचा रिपोर्ट काढ."

मी काढला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एका ओळीवर नख ठेवलं. तेलाची आम्ल रोखण्याची ताकद. मागच्या वेळी आठ पूर्णांक दोन होती. आता आठ पूर्णांक चार.

"वाढलीय," मी म्हणालो. "चांगलंच ना?"

"ती वाढत नसते. तेल वापरलं की ती कमीच होते." त्यांचा आवाज खाली गेला. "म्हातारा माणूस कालच्यापेक्षा आज तरुण दिसला, तर त्याने कलप लावलेला असतो."

त्यांनी वॉकीटॉकी उचलली. "दोन नंबर, ऐकतोस का? नमुना घ्यायच्या आधी इंजिनात तेल टाकलं होतंस?"

खरखर झाली. मग मेव्हण्याचा मोकळा आवाज आला. "थोडंसं, दाजी. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडतोच की माणूस!"

"किती?"

"काय झालं पण?"

"किती ते सांग."

"आठेक लिटर काढलं, आठ नवं घातलं. मागच्या खेपेला चार. त्याआधी दोनच. अहो, मालक म्हणायचा, वैद्याची थेरं एक दिवस अंगाशी येणार. म्हटलं, आपल्या दाजींचा रिपोर्ट कसा फर्स्ट क्लास यायला पाहिजे."

काकूंचा हात खिडकीतच थांबला. बाहेरचा माणूस म्हणाला, "बाई, तिकीट."

वैद्यकाकांनी माझं पेन घेतलं आणि कागदाच्या मागे आकडे मांडले. इंजिनात तेल अठरा लिटर. दोन, चार, आठ. रिपोर्टमध्ये शिसं चोवीस होतं, पण ते नव्या तेलात पातळ झालेलं. तिसाच्या पुढे धोका. त्यांनी गुणाकार दोनदा केला. मग पेन खाली ठेवलं.

"खरं शिसं पन्नासच्या वर आहे," ते म्हणाले. "मी साडेचारशे तास चालवलं. मीच."

खिडकीतून नदी दिसत होती. वरच्या बाजूला पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे ओढ होती. खाली पाऊण किलोमीटरवर बंधारा होता आणि त्यावरून पाणी पडत होतं. तो आवाज मी रोज ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. बोट मध्याच्या थोडी अलीकडे होती. लहान, पांढरी.

"बंद करायला सांगा इंजिन," मी म्हणालो.

"आणि मग? नांगर त्या गाळात धरतो की नाही, कुणाला माहीत?"

"मग चालू ठेवायचं?"

ते खिडकीतून बोटीकडे बघत होते. ओठ हलत होते. मग त्यांनी बटण दाबलं.

"आता नीट ऐक. घाई करू नको. इंजिन मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. तेलाच्या दाबाचा काटा कुठे आहे?"

"रोजच्या जागी... नाही, जरा खाली आहे. उन्हानं असेल."

"खाली यायला लागला की सांग. नाक प्रवाहाच्या वर धर. आणि नांगराचा दोर मोकळा करून ठेव."

"दाजी, काय आहे?"

"काही नाही. ये."

"ताई आहे का तिथे?"

काकूंनी मान हलवली. म्हणजे आहे म्हणून सांगू नका.

"जेवायला गेली," वैद्यकाका म्हणाले.

एरवी तिथून सहा मिनिटं लागत. मी घड्याळ बघायचं ठरवलं, मग बघवेना. काकू तिकिटं देत राहिल्या. प्रत्येकाला नीट सुटे परत करत होत्या. एकदा फक्त त्या म्हणाल्या, "अहो, तो बावळट आहे. पण वाईट नाही हो." वैद्यकाका म्हणाले, "माहीत आहे गं."

बोट तिरकी झाली. प्रवाह तिला खाली ढकलत होता. धक्क्याच्या सरळ रेषेपासून ती वीस हात गेली, मग पन्नास.

"दाजी, काटा खाली येतोय."

"किती?"

"निम्म्यावर. आणि एक ठकठक येतेय. लोक विचारतायत."

"लोकांना सांग, जुनं इंजिन आहे, कुरकुरतं. आमच्यासारखंच."

पलीकडे तो हसला. मी वैद्यकाकांच्या हाताकडे बघितलं. वॉकीटॉकी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

ती ठकठक मग आम्हालाही ऐकू आली. पाण्यावरून येणारी, कोरडी, एकसारखी. कुणी बंद दारावर बोटांनी वाजवावं तशी. काकूंनी खिडकी लावून घेतली आणि त्या बाहेर गेल्या. आम्हीही गेलो.

बोट धक्क्याच्या खालच्या टोकाला लागली, जिथे कधी लागत नाही तिथे. दोर पडला. वैद्यकाकांनी तो स्वतः खुंट्याला अडकवला आणि ओरडले, "बंद कर!" इंजिन थांबलं. प्रवासी उतरले. एक गृहस्थ जाता जाता म्हणाला, "यापेक्षा बैलगाडी बरी."

वैद्यकाका थेट इंजिनाशी गेले. तेलाचा फिल्टर काढला, पत्रा कापायच्या कात्रीने कापला आणि आतला कागद फडक्यावर पसरला. काळ्या तेलात बारीक चंदेरी चुरा चमकत होता. सगळ्या घड्यांत.

मेव्हण्याने त्यावर बोट फिरवलं. बोटाकडे बघितलं. ते पँटला पुसलं. "दाजी, मला वाटलं..."

"गप. आत्ता नको."

माझा फोन वाजला. मालक होता. वर सत्तर माणसं रांगेत उभी होती. "रिपोर्ट चांगला आलाय ना? मग पुढची फेरी का सुटत नाही? दे त्या वैद्याला."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला.

"रिपोर्ट खोटा आहे," ते म्हणाले. "आमच्या माणसाने तेल घातलं, आणि मला ते तीन महिने कळलं नाही. बोट जाणार नाही."

"एक फेरी! मग हवं ते करा."

वैद्यकाकांनी फोन बाजूला सारला. ते वाकले, इंजिनाखाली पसरट भांडं सरकवलं आणि पाना लावून तळाचा बोल्ट सोडला. तेल धारेने पडू लागलं. अठरा लिटर. आता कुणी हुकूम केला तरी ते इंजिन सुरू होणार नव्हतं.

"काढून टाकतील तुम्हाला," मेव्हणा म्हणाला.

"टाकू दे."

वर लोक आरडाओरडा करत होते. काकू त्यांना पैसे परत घ्या म्हणून सांगत होत्या. मला वाटलं, संपलं. बेचाळीस माणसं घरी गेली होती. आता वैद्यकाका बसतील, पाणी मागतील, शिव्या देतील.

पण ते भांड्याकडे बघत तसेच उकिडवे राहिले. त्यांचा चेहरा बोट मध्यावर असताना होता त्याहून वाईट दिसत होता. रोज सात फेऱ्या. तीन महिने. त्यांचे ओठ पुन्हा हलत होते.

"ऐक ना," ते मला म्हणाले. "ती शाळेची सहल नेली होती. दोन नंबरनेच ना? कधी रे?"

वही माझ्या खणात होती. तारीख मला पाठ होती. अकरा दिवसांपूर्वी. एकशे दहा मुलं, दोन फेऱ्यांत.

मी म्हणालो, "बघून सांगतो."