क्रिओसोटवरचा नाकतोडा

अविनाशदादांवर लिहिणारा मी कोण, हे मलाच नीट ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय नाही. त्यांचे मित्र अधिक चांगलं लिहितील. तरी क्षमा मागून लिहितो, कारण ही एक गोष्ट फक्त मलाच सांगता येईल...

अ‍ॅरिझोनात, चँडलरच्या बाहेरच्या वाळवंटात दादा पीएचडीसाठी एका नाकतोड्याचा अभ्यास करत; मी त्याच विद्यापीठातला त्यांचा ज्युनियर, मदतीला जायचो. मोत्यासारखे ठिपके असलेला हा हिरवा नाकतोडा क्रिओसोट नावाच्या झुडपावरच जन्म काढतो, दुसरं काही खात नाही. "तुझ्यासारखाच रे, रोज वरणभात!" ते मला चिडवायचे. त्याची अंडी मातीत, थंडीभर कोरड्यातच पडून राहतात. गेल्या डिसेंबरात कळलं, तिथे कॉम्प्युटर चिप्सचा कारखाना येतोय, बुलडोझर निघालेत. दादांना तोवर कॅन्सरने गाठलं होतं. तरी माझ्यासोबत गुडघे टेकून त्यांनी अंड्यांची माती कॉफीच्या अकरा डब्यांत भरली. "तीन वर्षांचं काम आहे यात, यार. सांभाळ," म्हणाले आणि हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाले.

माझे वडील नगरपालिकेच्या बागेत माळी. कोरडी माती दिसली की माझा हात आपोआप पाण्याकडे जातो. रोज सकाळी मी डब्यांत पाणी शिंपडत राहिलो... मायेनेच. जानेवारीअखेर कुबट वास आला. उकरून पाहिलं तर अंड्यांवर पांढरी बुरशी. अकराही डब्यांत.

फेब्रुवारीत दादांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "पिल्लं निघाली का रे?"

"निघाली दादा, भरपूर!"

दादा एवढंच म्हणाले, "वा." आठवड्याने ते गेले. ती जमीनही सपाट झाली. डबे माझ्या खिडकीत आहेत, टाकवत नाहीत.

निदान समाधानाने गेले, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. त्यावरच दोन महिने तगलो. परवा वहिनींचा फोन आला. "तू सगळ्यांना ते सांगतोस, ऐकवत नाही रे. त्या दिवशी फोन ठेवून हे म्हणाले, 'मार्च संपल्याशिवाय पिल्लं निघतच नाहीत गं. म्हणजे सगळं गेलं. मला कळलंय, हे त्याला सांगू नकोस.' मग भिंतीकडे तोंड केलं... ते शेवटपर्यंत."