बाप जाणता असेतोवर

मोठे देश एकत्र राहावेत की फुटावेत, यावर पोटतिडकीने बोलणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. महाडात ज्या शाळेत मी पुढे पाणी भरायला लागले, तिथल्या मास्तरांच्या खोलीत तर हा विषय रोजचाच. मी घागर उतरवायची आणि दाराशी टेकून ऐकायची. असं ऐकून आणि बघूनच लिहायला शिकले. त्या वादात मला कोणी मत विचारलं नाही, ते बरंच झालं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबांनो, देशाचं मला ठाऊक नाही. मी एक घर फुटताना पाहिलंय, आणि त्या दिवशी ते फोडायला जमलेली माणसं अर्धी दुपार ब्रह्मदेशाबद्दल बोलत होती.

आमची वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. गुरं, थोडी वरी, थोडी नाचणी. हाताशी आलेला मुलगा मुंबईला जायचा आणि शिमग्याला परत यायचा. आमच्या घरी थोरला भाऊ शेत बघायचा आणि धाकटा गिरणीत होता. आई लवकर गेली होती. माझं लग्न झालं, पण दुसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. मी परत आले तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "जेवलीस काय गो?" त्यानंतर माझ्या येण्याबद्दल त्या घरात कोणी काही बोललं नाही, कारण बाबांपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

मग बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं माझ्याकडे आलं, आणि ते मी आनंदाने करत होते असं सांगून मी उगाच मोठेपणा घेणार नाही. वास यायचा, कंबर धरायची. पण एकदा पेज भरवताना मी सवयीने विचारलं, "अजून देऊ?" आणि माझ्या मांडीवर असलेल्या त्यांच्या डाव्या हाताने माझं बोट दाबलं. मला आधी वाटलं, आपोआप झालं असेल. मी पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. हळूहळू आमचं ठरून गेलं. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. त्या दोन शब्दांत आमचं सगळं चालायचं. गाय व्याली की तेसुद्धा मी त्यांना सांगायची आणि पाडा की कालवड ते त्यांना ओळखायला लावायची.

भावांना मी हे सांगितलं होतं. थोरला "हं" म्हणाला. धाकटा मुंबईत होता. भावजया हसल्या आणि माझ्या बाबतीत त्या एरवीही हसायच्याच, म्हणून मी पुन्हा सांगितलं नाही.

आता आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. आमच्या वाडीत बाप जाणता असेतोवर चूल मोडत नसत. जाणता म्हणजे हिंडता-फिरता नव्हे. माणूस ओळखतो, बरंवाईट समजतो, एवढं असलं तरी पुरे. अशा बापाच्या डोळ्यांदेखत वाटणी मागणाऱ्याला वाडीत कोणी पाण्याचंही विचारत नसे. माझं सगळं या एका शब्दावर टांगलेलं होतं. बाबा जाणते, म्हणून चूल एक. चूल एक, म्हणून माझी भाकरी कोणाच्या वाट्याची हा प्रश्न नव्हता. चुली दोन झाल्या की मी कोणत्याच चुलीची नव्हते.

त्या वर्षी शिमग्याला धाकटा आला तो दासगावच्या धक्क्यावर बोटीतून उतरल्यापासूनच वाटणी डोक्यात घेऊन आला होता. त्याची बायको वर्षभर थोरलीच्या हाताखाली राबून जेरीस आली होती, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण सरळ तसं न म्हणता त्याने ट्रंकेतून वर्तमानपत्रं काढली. सरकार ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा करणार आणि सिंध मुंबई इलाख्यातून, अशा बातम्या तेव्हा येत होत्या.

"बघ दादा, मोठ्ठं झालं की आतून सडतं," तो ओटीवर बसून म्हणाला. "ब्रह्मदेश कुठं, दिल्ली कुठं. फालतू एका दावणीला का बांधायचं? ज्याचा त्याने कारभार करावा, हे बराबर हाय."

"मग रंगूनचा तांदूळ?" थोरल्याने विचारलं.

"तो येलच की. वेगळा झाला म्हणजे काय दुश्मन झाला?"

थोरला विडी ओढत राहिला. त्याला वाटणी नको होती असं नाही. ती मागणारा दुसरा कोणीतरी त्याला हवा होता. म्हणून त्याने नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. "बा जाणता हाय तोवर कसं करनार?" एवढंच म्हणाला, आणि तिथेच ते ठरलं की बाबा जाणते आहेत की नाहीत हे बघायचं.

बघायला दोघे आले. एक आमच्या वाडीचा म्हातारा मानकरी, ज्याच्या शब्दाबाहेर वाडी जात नसे. दुसरे महाडचे एक पेन्शनर मास्तर, पोलादपुरात नातेवाइकांकडे आलेले. धाकट्याने त्यांना मुद्दाम वर आणलं होतं, म्हणजे उद्या कोणी अडाण्यांचा निकाल म्हणू नये. चढ चढून मास्तर घामाघूम झाले होते. गूळ-पाणी घेतलं, ओटीवर ऐसपैस बसले, आणि समोर ते वर्तमानपत्र दिसताच दोघेतिघे ब्रह्मदेशात शिरले. मास्तरांचं म्हणणं असं की राष्ट्र हे शरीरासारखं असतं, एक अवयव तोडला तर सबंध देहाला कळ जाते. धाकटा म्हणाला, ज्या अवयवाला कळच येत नाही तो ठेवून काय करायचा? मानकऱ्याला ब्रह्मदेश कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण तोही मान हलवत होता. आत माजघरात बाबा छपराकडे बघत पडले होते. मधे फक्त एक उघडं दार होतं. त्यांना शब्द न् शब्द ऐकू जात होता, आणि हे माझ्याखेरीज त्या घरात कोणाच्या गावीही नव्हतं.

मग ते आत आले. मास्तर बाबांच्या डोळ्यांसमोरून हात फिरवून बघत म्हणाले, "डोळे मिटतात, उघडतात. पण नुसती हालचाल म्हणजे जाणीव नव्हे. लाजाळूचं पान हात लावला की मिटतं, म्हणून ते लाजलं असं म्हणायचं का?"

"झाडाचं सोडा," मानकरी म्हणाला. "बैलाला कळतं का नाय?"

"बैलाला दुखतं हे खरं. त्यापलीकडे त्याला काय कळतं, हे कसं सांगावं?"

म्हाताऱ्याला ते पटलं नाही. त्याचं सगळं आयुष्य गुरांच्या मागे गेलं होतं, आणि माणसापेक्षा गुराला जास्त कळतं असं तो पहिल्यापासून मानायचा. धनी मेला की बैल दावं तोडतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने सरळ सांगितलं, "याचाच बैल आत आना. बैलाने हुंगलं तर मानूस आत हाय. पाठ फिरवली तर नाय."

मला हसावं की रडावं कळेना. पण मास्तरांनीही "प्रयोग म्हणून हरकत नाही" असं म्हटलं, आणि थोरल्याने बैल सोडून आणला. बाबांनीच वाढवलेला, म्हातारा झालेला, शिंगं वाकलेला बैल. माजघराच्या उंबऱ्यात तो अडखळला, मग आत आला. बैलाने इकडेतिकडे बघितलं, अंथरुणाशी ठेवलेलं पेजेचं भांडं हुंगलं, त्यातली पेज शेवटपर्यंत प्यायला, आणि वळून बाहेर निघून गेला. जाताना त्याच्या शेपटीचा फटका बाबांच्या गालाला लागला.

"पाठ फिरवली," मानकरी म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं, हे आवाजावरून कळत होतं.

तेव्हा मी पुढे झाले. बायकांनी बोलायची ती जागा नव्हती, पण मला भयंकर संताप आला होता. मी म्हटलं, "बैल उपाशी होता, तो पेज प्यायला. त्यात बाबांचा काय निकाल लागला? त्यांचा हात धरा आणि विचारा. ते हाताने सांगतात."

"ती सांगनारच," धाकटा म्हणाला. "चूल एक राहिली तर तिचंच बरं हाय." तो खोटं बोलत नव्हता.

मास्तर सज्जन होते. ते खाली बसले, बाबांचा डावा हात हातात घेतला आणि अगदी मोठ्याने, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "अहो, मी बोलतो ते समजत असेल तर माझा हात दाबा."

हात तसाच राहिला.

"घाई नाही. समजत असेल तर दाबा."

काही नाही. मी म्हटलं, बाबा, दाबा. मी पाया पडल्यासारखं म्हटलं. त्यांचे डोळे छपरावर होते, तिथून हलले नाहीत. मास्तरांनी त्यांचा हात हळूच छातीवर ठेवला आणि उठताना मला म्हणाले, "बाई, मायेपोटी माणसाला असं वाटतं. तुमचा दोष नाही."

नंतरचं सगळं भराभर झालं. थोरल्याने जुन्या चुलीतला निखारा खापरावर घेऊन नव्या चुलीसाठी धाकट्या भावजयीच्या हाती दिला. माजघराच्या मधोमध कारवीच्या काठ्यांचा कूड आडभिंतीसारखा घातला गेला आणि तो दोन्ही बाजूंनी शेणामातीने लिंपला. कूड ज्या रेषेवर येणार होता तिथेच बाबांचं अंथरूण होतं, म्हणून ते ओटीवर काढलं. बैल थोरल्याकडे, गाय धाकट्याकडे. बाबा एक महिना याच्याकडे आणि एक महिना त्याच्याकडे. माझं नाव कोणीच घेतलं नाही. बाबांना उचलायला कोणीतरी लागणार, म्हणून त्यांचं ताट ज्याच्याकडे त्याच्याच घरी माझंही, असं न बोलता ठरलं. याचा अर्थ बाबा असेपर्यंत मी, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला वाटत होतं, बाबा खरंच गेले. म्हणजे देह राहिला आणि आतला माणूस त्या दुपारी किंवा त्याच्या आधीच कधीतरी निघून गेला, आणि बोट दाबणं हे मास्तर म्हणाले तसं लाजाळूचं पान होतं. मी मनाशी ते कबूल करायला लागले होते. त्यात थोडा आरामही होता. ज्याला काही कळत नाही त्याच्यावर रागावता येत नाही.

वाटणीनंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी ऊन ओटीवर आलं होतं, मी पेज घेऊन बसले. गरम होती म्हणून फुंकर मारली, आणि सवयीने तोंडातून गेलं, "बाबा, मीठ कमी हाय काय?"

त्यांनी माझं बोट दाबलं.

मी वाडगा खाली ठेवला. दोन्ही घरांत माणसं आपापल्या कामात होती. कुडाच्या दोन्ही बाजूंनी भांड्यांचे आवाज येत होते. मी अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी मास्तर काय म्हणाले, ते कळलं होतं?"

दाबलं.

"मुद्दाम हात हलवला नाही?"

दाबलं.

माझा आवाज चढला असता, म्हणून मी थांबले. मग एकेक विचारत गेले. वाटणी व्हावी असं वाटत होतं का? दोनदा दाबलं, नाही. धाकट्यासाठी केलं का? नाही. बैल आत आणला, त्याची लाज वाटली का? हात बराच वेळ स्थिर राहिला, मग नाही. शेवटी विचारलं, "कंटाळलात?"

एकदा दाबलं. इतक्या जोराने त्यांनी पूर्वी कधी दाबलं नव्हतं.

इथे मी थांबायला हवं होतं. माणूस कंटाळतो, त्यात काय. पण तोंडाशी आलेला प्रश्न मला गिळता आला नाही. मी विचारलं, "चूल मोडल्यावर मी कुठे जाईन, हे तेव्हा मनात आलं होतं?"

त्यांनी डोळे छपरावरून काढून माझ्याकडे आणले. आणि एकदा दाबलं.

मी हात सोडवून घेतला. पेज निवत होती, ती त्यांना भरवली. मीठ घालून भरवली.

ते त्यानंतर पावसाळ्यापर्यंत होते. मी त्यांना पाणी हवं का विचारायची, कूस बदलू का विचारायची, आणि ते हाताने सांगायचे. दुसरं काही मी विचारलं नाही. कधीकधी मी नुसतीच शेजारी बसलेली असताना ते आपणहून माझा हात शोधायचे आणि एकदा दाबायचे. कशाला हो म्हणताहेत, ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.