ग्रिपमामाचं ट्रॅक्शन

माझ्या मोठ्या मामाला सगळे ग्रिपमामा म्हणत. झिजून गुळगुळीत झालेले टायर रिमोल्ड करायचा त्याचा कारखाना. कारखाना कसला, एक पत्र्याची शेड, आत एक साचा आणि कपड्यांतून कधीच न जाणारा रबराचा वास. टायरच्या नव्या खाचेत अंगठा घालून तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "बघा ट्रॅक्शन! अशी ग्रिप, की चिखलातून हत्ती ओढून काढाल." इंग्रजी त्याला तेवढंच यायचं, पण ते तो मिशीला पीळ देऊन बोलायचा. हाताखाली धाकटा मामा. आईवडील गेल्यावर ग्रिपमामानंच त्याला वाढवलं, काम शिकवलं, त्याचं लग्नही लावून दिलं. स्वतःचं राहूनच गेलं.

एकदा जॅक सरकला आणि ग्रिपमामाचं मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पायाला दोरी, दोरीला वजन, वजन पलंगाच्या टोकाला लोंबकळत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ट्रॅक्शन लावलंय."

"अहो, पायाला कसली ग्रिप?" मामा चक्रावला.

बाई हसल्या. "मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ओढणं. ट्रॅक्टरही त्याच घराण्यातला. पकडीचा अर्थ मागाहून आला. तुमचं हाड मोडून एकावर एक चढलंय. ओढून धरलं की टोकं समोरासमोर येतात आणि जुळतात."

"म्हणजे ट्रॅक्टर आपला चुलतभाऊ!" मामानं अख्ख्या वॉर्डाला सांगून टाकलं.

धाकटा मामा भेटायला यायचा, पण निम्मा वेळ दाराबाहेर फोनवर. एकदा त्याचा आवाज आत आला, "ट्रॅक्शन मिळालंय, आता सोडायचं नाही. जुनं सगळं काढून टाकू." ग्रिपमामाचे डोळे भरून आले. शेजारच्या पेशंटला म्हणाला, "बघा, पोरगं माझ्या पायासाठी डॉक्टरांच्या मागे लागलंय. जुनं हाड काढून नवं घालणार बहुतेक."

अडीच-तीन महिन्यांनी सुट्टी मिळाल्यावर कुबड्या घेऊन तो घरी न जाता थेट शेडवर आला. मी सोबत होते. शेडच नव्हती. काचेचं दुकान, कोऱ्या टायरांची रांग आणि पाटीवर एकट्या धाकट्याचं नाव. साचा भंगारात गेला होता. "दादा आता काही उठत नाही," असं धाकट्यानं जागामालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना पटवलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि कापणारा एसीत बसला होता. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

"दादा, हल्ली रिमोल्ड कोण करतो?" तो खाली बघत म्हणाला. "नव्या दुकानाला मस्त ट्रॅक्शन मिळालंय. म्हणजे जम बसलाय. तू आता घरी आराम कर."

त्या फोनचा अर्थ ग्रिपमामाला तेव्हा कळला. सवयीनं त्यानं जवळच्या टायरच्या खाचेत अंगठा घातला, मग काढून घेतला.

"डॉक्टरीणबाईंनी ओढलं ते हाड जुळावं म्हणून," तो म्हणाला. "तू माझ्या पायाखालचं सगळं ओढलंस, ते कशासाठी रे?"