मार्थाबाईंचं गाऱ्हाणं

मार्थाबाई गेल्याचं मला महाडच्या एसटी स्टँडवर कळलं. पोलादपूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर गाडीची वाट बघत उभा होता, त्याने सांगितलं. नगरला पुतण्याच्या घरी गेल्या म्हणे, झोपेतच. त्याला आता महिना होत आला. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आणि माझ्या मनात आलं काय, तर या बाईचा मला शेवटपर्यंत नीट थांग लागला नाही... माझा स्वभावच संशयी. घरचे म्हणतात, हिच्या हातावर देवाने प्रसाद ठेवला तरी ही आधी उलटून बघेल.

दहा-बारा वर्षांपूर्वी त्या पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या. आमचं गाव तिथून वर, डोंगराच्या अंगाला. ख्रिस्ती बाई, एकटी, पांढरं लुगडं, बोली देशावरची. बाळंतपण अडलं की लोक बोलावणं धाडायचे, आणि आल्यावर पडवीत बसवून ओंजळीत वरून पाणी घालायचे. त्यांच्यासाठी कानतुटका कप वेगळा ठेवलेला असे. त्या काही बोलत नसत. फक्त ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. तेवढ्यावरून गावाने ताडलं, की बाई मूल न्हाऊ घालताना त्यावर आपला मंत्र टाकते आणि पाचवीला सटवाई यायच्या आतच पोर किरिस्ताव करून ठेवते. मी शाळा शिकलेली, पण मलाही ते अगदीच खोटं वाटत नव्हतं. नाहीतर ओठ हलवायचे कशाला?

माझ्या धाकट्या जावेचं, सुमनचं, पहिलं मूल गेलं होतं आणि ती जेमतेम वाचली होती. दुसऱ्या खेपेलाही अडल्यावर दिरांनी कुणाला न विचारता मार्थाबाईंना आणलं. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. शेवटी वाट दिली, पण मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू शिकलेली हायस गो. तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हा. काय पुटपुटली तर मला येऊन सांग." म्हणजे मी राखणीला.

मुलगी झाली, धडधाकट. सुमनला मात्र ताप भरला, म्हणून मार्थाबाई रोज येत राहिल्या. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी देत नाहीत. पोट सुटतं, अंगात वारं शिरतं म्हणतात. सुमनचे ओठ तडकले होते, ती नुसती तांब्याकडे बघत पडायची. उकळून गार केलेलं पाणी द्या, म्हणून मार्थाबाईंनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात नाय चालत. तुमच्यात चालत असंल." त्या 'तुमच्यात'वर जो जोर होता तो मलासुद्धा झोंबला. मार्थाबाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठून परसात गेल्या. मी मागोमाग, गोठ्याच्या कुडाआड.

पेंढ्याच्या उडवीकडे तोंड करून, डोळे मिटून त्या उभ्या होत्या. आणि त्या दिवशी शब्द ऐकू आले, अगदी स्पष्ट.

"प्रभू, मला फार राग आलाय. ही म्हातारी त्या पोरीला तहानेनं मारणार. तोंडावर बोलले तर उद्या मला दारात उभं करणार नाही, मग पोरीला कोण बघणार? म्हणून तुला सांगते. माझा राग तू घे, आणि म्हातारीचं काय करायचं ते तूच बघ."

बस, एवढंच. मंत्र नाही की तंत्र नाही. घरात आले तर सासूबाई वाटच बघत होत्या. मी सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्या मटकन खाली बसल्या. आमच्या भागात देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे थट्टा नव्हे. ज्याच्यावर घातलं त्याच्या घरादाराला ते लागतं, मग देव कुणाचा का असेना. "माझ्यावर गाऱ्हानं घातलान?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग उठून त्यांनी स्वतः पाणी उकळलं, गार केलं आणि सुमनला आपल्या हाताने पाजलं. मार्थाबाई निघाल्या तेव्हा सासूबाई पडवीत जाऊन हळूच म्हणाल्या, "बाय, तेवढं गाऱ्हानं मागं घ्या. पानी दिलंय." मार्थाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. सुमन वाचली.

पुढे आमचं चांगलं जमलं. पोलादपुरात त्यांचं चर्च नव्हतं. रविवारी खोलीला कडी लावून एकट्याच बसायच्या आणि बाहेर यायच्या त्या नुकतंच तोंड धुतल्यासारख्या. एवढं सगळं सोसता कसं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "गिळलेलं पोटात ठेवलं की त्याचं विष होतं, वहिनी. मी रोजचं रोज प्रभूच्या पायाशी ओतून येते. त्याच्यापुढं तोंड वाकडं केलं तरी तो दार लावत नाही." मला त्यांचा हेवा वाटला. मी देव पुजते, पण त्याच्यावर चिडायची माझी हिंमत नाही.

संशय मात्र गेला नाही, त्याने फक्त कूस बदलली. एरवी नुसते ओठ हलायचे, मग नेमकी मी कुडाआड असतानाच आवाज कसा फुटला? आमच्या लोकांना गाऱ्हाण्याची किती धास्ती, हे गावोगाव फिरणाऱ्या बाईला कळलं नसेल? लेकी बोले सुने लागे, तशातला तर हा प्रकार नव्हता? आणि तसं असेल, तर ती प्रार्थना तरी खरी होती का... विचारायचा धीर होत नव्हता.

नगरला नेण्याआधी त्या महाडला इस्पितळात होत्या. भेटायला गेले. हाडांचा सापळा उरला होता. जवळ कुणी नव्हतं. माझ्याने राहवेना. म्हटलं, "मार्थाबाई, मी कुडाआड आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

त्या हसल्या, हसता हसता खोकला आला. "राग खरा होता, वहिनी," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण देवाला हळू बोललेलंही ऐकू जातं."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ओठ हलू लागले. मी वाकून कान दिला... या वेळी मला काही ऐकू आलं नाही.